काळोखाची जाहिरात

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि पुढे गावोगावी त्याचे खेळ होऊ लागले, तेव्हा सत्त्वपरीक्षेची महती किंवा तारामतीचा शोक यांचे वर्णन करीत न बसता ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सर्व अवघ्या तीन आण्यांत, असा रोखठोक हिशेबच जाहिरातीत मांडण्यात आला होता. अठरा वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, त्याच गिरगावात मॅजेस्टिकच्या पडद्यावर ‘आलम आरा’ बोलू लागला, त्या वेळच्या जाहिरातीनेही ७८ मृत माणसे जिवंत होऊन बोलू लागल्याची ग्वाही दिली. चित्रपटाच्या जाहिरातीचा मूळ स्वभाव हा असा आहे. गाठोड्यात जे जे असेल ते सर्व, आणि जमल्यास त्याहून थोडे अधिक, रस्त्यावरच उघडून दाखवावयाचे आणि तिकिटाच्या खिडकीकडे बोट करावयाचे. ज्याचा विषयच काळोखाचा आहे, ज्यात एक आत्महत्या, एक विझत चाललेले घर किंवा कोणा मुलाच्या मनात साचत गेलेला द्वेष आहे, आणि जो कोणा मान्यवर संस्थेने नव्हे तर चार-सहा विद्यार्थ्यांनी उसनवारीच्या कॅमेऱ्यावर केला आहे, अशा वीस मिनिटांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक काढण्याची वेळ जेव्हा एखाद्या तरुण चित्रकारावर येते, तेव्हा या जुन्या स्वभावाचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही. कारण त्याला जे काम करावयाचे असते ते नेमके उलट, म्हणजे काय सांगू नये हे ठरविण्याचे असते.

विद्यार्थ्यांचे चित्रपट काळोख्या विषयांकडे इतके का झुकतात, याचे कारण दुसरीकडे कोठे शोधण्यापेक्षा तारुण्यातच शोधावे. विशीतल्या माणसाला मृत्यूविषयी जे कुतूहल असते ते पन्नाशीनंतर उरत नाही, कारण तोवर त्याचे दर्शन पुष्कळ वेळा घडलेले असते. ते असो. या चित्रपटांची एक व्यावहारिक अडचण मात्र त्यांच्या भित्तिपत्रकाच्या दृष्टीने निर्णायक ठरते, आणि ती म्हणजे त्यांत ओळखीचा चेहरा नसतो.

व्यावसायिक चित्रपटाचे पोस्टर हा अर्धाअधिक चेहऱ्याचा कारभार आहे. दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकाराने ‘दीवार’च्या (१९७५) काळात जी पोस्टरे केली, त्यांत रंग कुंचल्याने सारवण्याऐवजी सुरीने थापून, त्या जाड थरांच्या खरबरीतपणातूनच नायकाचा संताप उभा केला, पण तो संताप आपल्यापर्यंत पोहोचतो याचे कारण तो चेहरा कोणाचा आहे हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. तरुणपणी, १९३०च्या दशकात, मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरणाऱ्या मकबूल फिदा हुसेनांपासून ते ग्रँट रोडच्या आल्फ्रेड चित्रगृहाच्या पडद्यामागे बसून दर आठवड्याला नवा फलक रंगविणाऱ्या शेवटच्या पिढीतील पेंटरांपर्यंत सर्वांची रीत हीच होती. लहान छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, त्याच चौकटी मोठ्या कापडावर आखावयाच्या, आणि गालावर तांबडा व कपाळावर हिरवा उजेड टाकून तो चेहरा ट्रामच्या किंवा बसच्या खिडकीतूनही ओळखू येईल इतका मोठा करावयाचा. विद्यार्थ्याने आपल्या चित्रपटातील नटाचा चेहरा एवढा मोठा केला तर पाहणारा एवढेच म्हणेल की, हा कोण? त्या चेहऱ्यामागे स्मृतींचे भांडवल नसते. म्हणून त्याला वस्तूकडे वळावे लागते, आणि वस्तूकडे वळणे हीच प्रतीकाची सुरुवात होय. या वाटेवर त्याला प्रथम रसिकतेने नव्हे तर दारिद्र्याने आणून सोडलेले असते, ही गोष्ट मला तरी हिताचीच वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये चित्रपटांचे वितरण सरकारी खात्याच्या हाती गेले आणि नटनट्यांचे चेहरे विकण्याची निकड उरली नाही, तेव्हा हेन्रिक टोमाशेव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्याला फाटा देऊन जी सांकेतिक भित्तिपत्रके केली, ती आज जगभरच्या कलाशाळांत शिकवितात. तेथे चेहऱ्याची गरज राज्यव्यवस्थेने संपविली, येथे ती रिकाम्या खिशाने संपते, परिणाम एकच.

परंतु चेहऱ्याऐवजी वस्तूने बोलण्याच्या या रीतीच्या मुळाचा शोध घेण्यासाठी वॉर्सापर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो, ते नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ पूर्ण केला. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतःच करीत, आणि त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे बहुरंगी भित्तिपत्रक हे आपल्या देशातील आज शिल्लक असलेले सर्वांत जुने चित्रपट-भित्तिपत्रक समजले जाते. पुढच्याच वर्षी या गृहस्थांनी राजेरजवाडे, देवदेवता आणि चमत्कार यांना बाजूला सारून ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कागदावर अंगठा देऊन बसलेला शेतकरी, त्याची गेलेली जमीन आणि शेवटी शहरात येऊन त्याने पत्करलेली गिरणीची मजुरी, एवढाच त्याचा विषय. त्या काळी तरुण असलेल्या जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात या चित्रपटातले एक दृश्य कायमचे घर करून राहिले, आणि ते दृश्य म्हणजे मंद उजेडात दिसणारी एक केविलवाणी झोपडी व तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे. मूकपटातील कुत्र्याचे रडणे ज्या माणसाला जन्मभर ऐकू आले, त्याच वाडियांनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन काढली आणि परळच्या लवजी कॅसलमध्ये तिचा स्टुडिओ थाटला. त्याच जागेवर १९४२ साली राजकमल कलामंदिर उभे राहिले, आणि ते उभारणारे व्ही. शांताराम हे ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. शेतकऱ्याचा मजूर होण्याची जी कथा कोल्हापुरात चित्रित झाली ती परळ-लालबागच्या चाळींतून प्रत्यक्षात हजारो घरी घडत होतीच.

आता हा चित्रपट आज कोणा विद्यार्थ्याने केला असता आणि त्याचे भित्तिपत्रक करण्याची पाळी आपणावर आली असती, तर आपण काय दाखविले असते? सावकाराचे क्रूर डोळे, की गळफास? बहुतेक गळफासच, आणि तेथेच आपण फसलो असतो. काळोख्या चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर फास, कवटी, कावळा, फुटलेला आरसा, रक्ताचे शिंतोडे आणि अर्ध्या चेहऱ्यावरचा अंधार या सामग्रीचा असा काही सुकाळ असतो की, पन्नास भित्तिपत्रके शेजारी शेजारी लावली तर त्यांची शीर्षके आपसात बदलली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. ही प्रतीके खोटी आहेत असे नाही. पुष्कळ हातांतून फिरलेल्या नाण्यावरचा छाप झिजून सपाट व्हावा तशी ती झाली आहेत. शिवाय त्यांच्यात एक अंगभूत दोष आहे. फासाला फासाखेरीज दुसरा अर्थच नाही, त्यामुळे पाहणारा तो पाहताक्षणी समजतो आणि समजताक्षणी पुढे जातो. जे प्रतीक टिकते त्याला दोन अर्थ असतात आणि त्यांतला पहिला अर्थ निरुपद्रवी, घरगुती, क्वचित रम्यही असतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तली काळी चिमणी हे याचे उत्तम उदाहरण. त्यातला पोरगा जब्या गलोल घेऊन तिच्या मागे धावतो, कारण तिच्या राखेने मनातली मुलगी वश होते असे त्याने ऐकलेले आहे. वरकरणी हे निव्वळ किशोरवयातले वेड. पण गावाने ज्याला कायम दूर ठेवले त्या जातीच्या मुलाने हाती न लागणाऱ्या पक्ष्यामागे धावत राहणे, या दुसऱ्या अर्थापर्यंत प्रेक्षक आपल्या पायांनी चालत जातो. मंजुळ्यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) हा तर अक्षरशः विद्यार्थ्याचा चित्रपट होता. अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करीत असताना तो त्यांनी केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

विद्यार्थ्याच्या चित्रपटाचे प्रतीक कसे शोधावे, हे एक उदाहरण हाती घेऊन पाहणे बरे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी ‘गिरणी’ नावाचा लघुपट केला. पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणारे ते हेच. घराला हातभार म्हणून आई पिठाची गिरणी विकत घेते. ती घरातच चालू लागते. तिचा आवाज आणि तिच्यामुळे होणारी कुचंबणा मुलाचे सारे जग व्यापून टाकते, आणि त्याच्या मनात त्या यंत्राविषयी तिरस्कार घट्ट होत जातो. रक्ताचा थेंब नाही, खून नाही, भूत नाही, तरीही काळोख आहे, कारण ज्या गोष्टीवर घर जगते तिचाच नाश व्हावा असे एका पोराला वाटू लागते. या लघुपटाची जी भित्तिपत्रके प्रत्यक्षात निघाली असतील त्यांचा विचार बाजूस ठेवू आणि हे काम आपल्याच टेबलावर आले आहे असे समजू.

पहिली कल्पना सुचते ती यंत्राचीच. पण घरघंटीचे चित्र मोठे करून खाली नाव घातले, तर दादरच्या स्टेशनाबाहेर हा कागद कोणी हाती दिल्यास तो वितरकाची जाहिरात समजून माणूस किंमत विचारील. दुसरी कल्पना कानांवर हात घट्ट दाबून बसलेल्या मुलाची. ती खरी आहे, पण तिने सगळेच सांगून टाकले. चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच प्रेक्षकाची दया खर्च झाली. तिसरी कल्पना हुशार चित्रकाराला हमखास सुचेल. जात्याच्या तळीवर टाकीचे जे वळणावळणाचे घाव असतात ते आणि माणसाच्या कानाची वळणे यांच्यातले साम्य हेरून, कानाच्या जागी जात्याची तळी बसवावयाची. या कल्पनेला वर्गात टाळ्या पडतील. माझा तिला विरोध एवढ्यासाठीच की, तिच्यात चित्रपटापेक्षा चित्रकाराची बुद्धी अधिक दिसते. ज्या भित्तिपत्रकाकडे पाहून ‘काय कल्पना आहे!’ असे उद्गार निघतात ते पुष्कळदा तेवढ्या उद्गारावरच संपते. चौथी एक चूक खास मुंबईची आहे. लालबाग-परळच्या भिंतीवर ‘गिरणी’ ही अक्षरे दिसली की वाचणाऱ्याला पीठ नव्हे, कापूस आठवतो; भोंगा, धुराडे आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला तो संप आठवतो. तेव्हा चित्राने पिठाचा निर्वाळा तत्काळ दिला पाहिजे, नाही तर शीर्षक आणि चित्र वेगवेगळ्या दिशांना ओढू लागतील.

पिठाकडे वळल्यावरच वाट मोकळी होते. पीठ पांढरे आहे, स्वच्छ आहे, पोटाचे आहे, आणि ते सर्वत्र बसते. मुलाच्या मालकीच्या एखाद्या वस्तूवर, समजा त्याच्या शाळेच्या एका बुटावर, ते इतके बसले आहे की बुटाचा काळा रंग फक्त नाडीच्या भोकांपाशी उरला आहे. बाकी कागद कोरा, पांढरा. यंत्र कोठेही नाही. पहिला अर्थ असा की, घरात दळण चालते. दुसरा अर्थ, म्हणजे एक मूल हळूहळू पुरले जात आहे, तो पाहणाऱ्याला चार पावले पुढे गेल्यावर जाणवेल. जाणवला नाही तरी बुटाने त्याचे काम केलेले असेल, कारण तो बूट असा का, हा प्रश्न त्याच्यासोबत गेला. काळोख्या चित्रपटाचे हे भित्तिपत्रक जवळजवळ संपूर्ण पांढरे झाले याचे नवल वाटण्याचे कारण नाही. अमेरिकन आरेखक सॉल बास याने ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) या खुनाच्या खटल्यावरील चित्रपटासाठी तुकडे तुकडे झालेली काळी मानवाकृती ठेवली ती भडक नारिंगी-तांबड्या भूमीवर. काळोख हा विषयाचा गुण आहे. तो शाईचाच असावा असे बंधन नाही.

आता अक्षरांकडे. या बाबतीत मराठी चित्रकाराच्या हाती जे धन आहे ते रोमन लिपीत काम करणाऱ्याजवळ नाही, आणि तरीही आमचे विद्यार्थी संगणकावर सापडेल तो साचा उचलून, त्याला थोडे ओरखडे मारून, ‘भीषण’ अक्षर तयार करतात हे पाहून खेद होतो. ‘गिरणी’ हा शब्द नुसता डोळ्यांसमोर धरावा. पहिल्या अक्षराची वेलांटी ऱ्हस्व, म्हणून तिचा दंड शब्दाच्या अगदी डाव्या टोकाला उभा. शेवटच्या अक्षराची दीर्घ, म्हणून तिचा दंड अगदी उजव्या टोकाला. म्हणजे शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन भिंती आहेत, वर शिरोरेषेचे छप्पर आहे, आणि मधोमध जो ‘र’ आहे तो मात्र उभ्या दंडाचा आधार नसलेला, एक पाय तिरपा टाकून लटकणारा. आईच्या घरात अडकलेले ते पोर लिपीनेच तेथे आणून बसविले आहे. चित्रकाराने एवढेच करावे की दोन दंड जरा उंच व जाड ठेवावेत, ‘र’ किंचित बारीक ठेवावा आणि स्वस्थ बसावे. दोन वेलांट्यांच्या कमानी एकमेकींना भिडू नयेत म्हणून वर पुरेशी मोकळी जागा सोडावी लागते, हे मात्र विसरू नये. रोमन अक्षरांच्या हिशेबाने आखलेल्या जागेत देवनागरी कोंबली की पहिला बळी मात्रा-वेलांट्यांचाच जातो.

अक्षरालाच चित्र करण्याची ही विद्या दादर-गिरगावच्या वाचकाला अपरिचित नाही. मराठी नाटकांच्या जाहिराती वर्षानुवर्षे वृत्तपत्राच्या एका रकान्यात, काळ्या शाईत, इतर वीस नाटकांच्या गर्दीत छापून येत. चित्राला तेथे जागाच नसे. कमल शेडगे यांनी शेकडो नाटकांची नावे त्या इंच-दोन इंचांत अशी रेखाटली की, शिवाजी मंदिराचा प्रेक्षक शब्द वाचण्याआधी त्याच्या आकारावरून नाटकाची प्रकृती ओळखू लागला. विनोदी नाटकाचा काना डोलत असे आणि रहस्यनाटकाची शिरोरेषा कोठे तरी तुटलेली असे. आमच्या कलाशिक्षणातही या विद्येला अधिकृत जागा मिळाली ती उशिराच, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग १९३५ साली निघाला आणि उपयोजित कलेची वेगळी संस्था १९६१ साली झाली. तोवर, आणि नंतरही पुष्कळ काळ, ‘जाहिरातीचे काम’ हा शब्दप्रयोग खऱ्या चित्रकाराच्या तोंडी थोडा हेटाळणीनेच येत असे. सत्यजित राय यांनी मात्र कलकत्त्याच्या जाहिरात कंपनीत घेतलेले धडे कधी लपविले नाहीत. ‘देवी’सारख्या (१९६०) काळोख्या चित्रपटाची भित्तिपत्रकेही त्यांनी स्वतः आखली, आणि त्यांत नावाचे अक्षर हे चेहऱ्याइतकेच बोलते.

इतके करूनही समजा एखाद्या चित्रपटाला काळीच भूमी हवी असेल, तर मग त्या काळ्याची खरी कथा छापखान्यात समजून घ्यावी. संगणकाच्या पडद्यावर काळे म्हणजे प्रकाशाचा अभाव. कागदावर काळे म्हणजे शाई, आणि शाई ही एक मर्यादित शक्तीची वस्तू आहे. लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत ऑफसेट यंत्रे चालतात तेथे उभे राहून पाहिले तर दिसते की, पांढऱ्या कागदावर नुसत्या काळ्या शाईने मोठे क्षेत्र भरले असता ते काळे न दिसता कोळशाच्या राखेसारखे मळकट दिसते, त्यात सुईच्या टोकाएवढी पांढरी छिद्रे राहतात आणि रोलरचे पट्टेही उमटतात. म्हणून जाणता छपाईवाला काळ्याखाली आणखी शाई घालतो. शंभर टक्के काळ्याखाली चाळीस ते साठ टक्के निळी घातली की काळोखाला खोली येते आणि तो थंड होतो. निळीऐवजी किरमिजी घातली की तोच काळोख उबट, कोंदट, बंद खोलीतला वाटतो. पावसाळ्यातील रात्रीच्या गल्लीचा चित्रपट आणि आजाऱ्याच्या खोलीचा चित्रपट यांचे काळे सारखे असता कामा नये, हे सांगणारा माणूस कलाशाळेत भेटेलच असे नाही. छापखान्यात तो हमखास भेटतो. त्याने मोह आवरण्यासही सांगितले तर ऐकावे, कारण चारही शाया मिळून तीनशे टक्क्यांच्या पलीकडे गेल्या की कागद लवकर वाळत नाही आणि वरच्या पानाच्या पाठीवर खालच्याचा डाग उठतो. आणखी एक अडचण अशी की, अनेक शायांच्या काळ्यात पांढरी अक्षरे उमटवावयाची तर चारही प्लेटा तंतोतंत जुळाव्या लागतात. केसभर सरकल्या तरी अक्षराच्या कडेला निळी-तांबडी किनार येते आणि अनुस्वाराचे टिंब तर बुजूनच जाते. यावर इलाज इतकाच की, अक्षराच्या कडेपाशी इतर शाया थोड्या मागे सारून कड फक्त काळ्या प्लेटवर सोडावी, आणि पांढऱ्या अक्षराला नेहमीपेक्षा अंमळ अधिक जाडी द्यावी.

विद्यार्थ्याला वीस-पंचवीसच प्रती हव्या असतात, आणि तेवढ्यासाठी प्लेटा काढणे परवडत नाही हे उघड आहे. तो डिजिटल छपाईकडे जातो, आणि तेथील काळ्याला एक प्रकारची चकाकी असते. सभागृहाच्या दिव्यांखाली ती भित्तिपत्रकाचा आरसा करून टाकते व पाहणाऱ्याला विषण्ण प्रतिमेऐवजी स्वतःचा चष्मा दिसतो. न चमकणारा कागद घ्यावा किंवा वरून मॅट थर द्यावा. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक पसंत आहे. काळाच जाड कागद आणावा आणि त्यावर स्क्रीन प्रिंटिंगने एकच पांढरी किंवा राखाडी शाई उमटवावी. मग काळोख छापावाच लागत नाही. जो उजेड आहे तेवढाच छापावा लागतो, आणि ‘किती उजेड?’ हा प्रश्न चित्रकाराला प्रत्येक रेषेपाशी स्वतःला विचारावा लागतो.

हे पत्रक लागणार कोठे, याचाही विचार आखणीच्या आधीच व्हावयास हवा. तीस बाय चाळीस इंचांचे कागद लालबागच्या भारतमाता चित्रगृहापासून दादरच्या प्लाझापर्यंत मिळेल त्या भिंतीवर खळीने डकविण्याचे दिवस मागे पडले. १९९५च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याने रीतसर परवानगीशिवाय तसे करण्यास मनाई आहे, आणि जेथे परवानगी आहे तेथील बहुतेक जागा नेत्यांच्या वाढदिवसांच्या व गणेशोत्सवाच्या फ्लेक्सनी कायम अडवून ठेवलेली असते. विद्यार्थ्याचे भित्तिपत्रक आता तीन ठिकाणी जगते. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, महोत्सवाच्या दालनात, आणि सर्वाधिक काळ मोबाइलच्या पडद्यावर टपाल-तिकिटाएवढे होऊन. सूचनाफलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी काळा कागद विवरासारखा उठून दिसतो. मोबाइलच्या काळ्या चौकटीत तोच कागद विरघळून जातो व त्याच्या कडाही सापडत नाहीत. तेथे पिठाने माखलेला बूट टिकेल, कारण त्याची बाह्याकृती एक आहे. बारा वस्तूंची गुंतागुंतीची रचना टिकणार नाही. भित्तिपत्रक अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे आणि तरीही वस्तू ओळखू येते की नाही हे ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाला विचारावे. दिग्दर्शकाला विचारू नये, कारण त्याला सगळेच ओळखू येते.

दिग्दर्शकाचा विषय निघालाच आहे तर दोन तक्रारी मांडून घेतो. पहिली नामावळीची. विद्यार्थी-चित्रपटात काम करणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत, नाव मिळते. त्यामुळे भित्तिपत्रकाच्या तळाशी चहा आणणाऱ्यापासून विभागप्रमुखांपर्यंत सर्वांची दखल घेण्याची निकड असते, आणि ती न्याय्यही आहे. त्यासाठी तळाशी एक पट्टी आरंभापासूनच राखून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी नावे बुटावर चढत नाहीत. दुसरी तक्रार महोत्सवांच्या त्या पानांच्या तोरणांची. निवड झाली की तोरण, पारितोषिक मिळाले की दुसरे तोरण, असे करता करता मूळ प्रतिमेचा रिकामेपणा, जो सर्वांत कष्टाने मिळविलेला असतो, पानांनी भरून जातो. ही प्रशस्तिपत्रे दाखवावयाचीच असतील तर नामावळीच्या पट्टीत, एका ओळीत, लहान करून लावावीत.

राहता राहिली एक अगदी कोरडी, कारभाराची बाब, आणि बहुतेक भित्तिपत्रके तिच्यापायीच बिघडतात. चित्रपट पुरा झाल्यावर, संकलनही संपल्यावर, महोत्सवाचा अर्ज भरावयाच्या आदल्या रात्री चित्रकाराला बोलावणे येते, आणि त्याच्यापुढे चित्रपटातून उचललेल्या धूसर चौकटी ठेवल्या जातात. हलत्या चित्रातली स्थिर चौकट बहुधा किंचित पुसट असते, आणि ती मोठ्या कागदावर ताणली की फाटते. तोवर ती वस्तू, मग ती गिरणी असो, बूट असो वा आजीची काठी असो, ज्याची होती त्याला परत गेलेली असते. भाड्याने आणली असेल तर दुसऱ्या कोणाच्या चित्रपटात कामालाही लागलेली असते. म्हणून चित्रीकरणाच्या जमाखर्चातच स्थिरचित्रणाचा अर्धा दिवस दाखल करून घ्यावा, चित्रकाराला पटकथा आधी वाचावयास द्यावी, आणि ज्या वस्तूंवर त्याने खूण केली असेल त्यांची साध्या पांढऱ्या कापडावर, खिडकीच्या उजेडात, चारही बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत.